फ्लिन फ्लॉन बॉम्बर्स: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न आणि माझी उत्तरं

कॅनडातल्या विनिपेगला राहायला आल्यापासून मी बॉम्बर्स या ज्युनिअर आइस हॉकी टीमबद्दल इतकं बोलतो की पुण्यातले भाऊबंद, इथली मराठी मंडळी, मुलाच्या हॉकी क्लासमधले पालक सगळेच काही ना काही विचारतात आणि प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जे जास्त वेळा विचारलं गेलं ते आधी घेतलंय.

फ्लिन फ्लॉन हे नक्की आहे कुठे? आणि हे कसलं नाव?

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला, अगदी सस्कॅचेवानच्या सीमेवर, म्हणजे इतकं सीमेवर की गावाचा थोडा भाग पलीकडच्या प्रांतात जातो. विनिपेगहून गाडीने साडेसातशे किलोमीटरच्या वर. मॅनिटोबाचा हायवे 10 जिथं संपतो ते हे गाव.

नावाची गोष्ट खरी आहे, मी रचलेली नाही. 1915 च्या सुमारास टॉम क्रेटन नावाचा खनिजं शोधत हिंडणारा माणूस आणि त्याचे सोबती या भागात होते, त्यांच्याकडे जंगलात सापडलेली एक जुनी स्वस्त कादंबरी होती, तिचा नायक जोसाया फ्लिंटॅबॅटी फ्लोनॅटिन पाणबुडीतून तळ नसलेल्या तळ्यात उतरतो आणि सोन्याने मढलेल्या भोकातून दुसऱ्या जगात जाऊन पोचतो. इथं तांबं-जस्त सापडल्यावर यांनी त्या जागेला त्याचंच नाव दिलं, अर्थात तोडून आखूड करून. आज गावाच्या तोंडाशी त्या नायकाचा मोठा पुतळा उभा आहे.

गाव सगळं खडकावर. खणायला मातीच नाही म्हणून ड्रेनेजच्या पाइपलाइन कित्येक ठिकाणी जमिनीच्या वरून लाकडी पेट्यांमधून नेल्यात आणि लोक त्याच पेट्यांवरून फुटपाथसारखे चालायचे. मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं, जाऊन बघितल्यावर पटलं.

ज्युनिअर हॉकी म्हणजे शाळेची टीम का?

नाही. साधारण 16 ते 20 वयाची मुलं खेळतात, शाळा-कॉलेजशी थेट संबंध नाही. टीम गावाची असते. मुलं दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या प्रांतांतून येतात आणि गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतात, त्याला इथं बिलेट फॅमिली म्हणतात. आपल्याकडे पूर्वी तालुक्याला शिकायला गेलेला मुलगा नातेवाइकांकडे राहायचा ना, तसंच काहीसं, फक्त इथं नातं नसतं, ते होतं. जेवण, कपडे, आजारपण, घरची आठवण येऊन रडू फुटणं, सगळं त्या घरातली माऊली बघते.

आणि यात पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची मेजर ज्युनिअर, तिथून पोरं एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये जातात, तिथं टीमा पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. तिच्या खाली ज्युनिअर ए. बॉम्बर्स दोन्हीकडे खेळलेत, पुढे येईलच.

टीम सुरू कधी झाली?

1927. त्याच वर्षी हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी उभी राहिली, म्हणजे खाण आणि टीम एका वयाच्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच जोडीची आहे. सुरुवातीला मोठ्या माणसांची टीम होती, पुढे ज्युनिअर झाली आणि 1948 पासून सस्कॅचेवानच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळायला लागली.

कंपनी खेळाडूंना कामं द्यायची. टीममध्ये ये, खेळ, आणि खाणीत किंवा कारखान्यात काम कर, पगार घे. दूरच्या गरीब घरातल्या मुलाला हे मोठं आमिष होतं आणि इतक्या लांबच्या, थंडीत उणे तीसला जाणाऱ्या गावात चांगले खेळाडू टिकले त्याचं मोठं कारण हेच. टीमचे रंग तेव्हापासून गडद तपकिरी-लाल (इंग्रजीत maroon) आणि पांढरा.

मॅनिटोबातली टीम सस्कॅचेवानच्या लीगमध्ये कशी काय?

भूगोल. विनिपेग खूप लांब, सस्कॅचेवान दाराशी.

1957 चं काय ते एकदा नीट सांग ना, सारखं 1957, 1957 करतोस.

सांगतो, आणि इथं थोडं लांबेल.

मेमोरियल कप म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतलं सगळ्यात मोठं बक्षीस, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 ला सुरू झालेलं. तेव्हा पद्धत अशी की पश्चिमेचा विजेता आणि पूर्वेचा विजेता यांच्यात सात सामन्यांची मालिका. 1957 ला पश्चिमेकडून बॉम्बर्स आले आणि पूर्वेकडून ओटावा-हल कॅनेडियन्स. आता हे दुसरे कोण ते समजून घ्या. माँट्रियल कॅनेडियन्स म्हणजे त्या काळातला हॉकीतला सगळ्यात बलाढ्य क्लब, आणि ही त्यांची पोरांची टीम, त्यांच्या कोचिंगमध्ये स्कॉटी बोमन होता, जो पुढे एनएचएलच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस जिंकणारा कोच झाला. एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला खडकावर वसलेलं एक खाणीचं गाव, कोच बॉबी कर्क, कॅप्टन टेड हॅम्पसन.

सुरुवातीचे सामने फ्लिन फ्लॉनला झाले, बाकीचे सस्कॅचेवानमधल्या रेजायनाला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि तो सामना बॉम्बर्सनी 3-2 असा काढला. एका गोलाचा फरक. पुढच्याच वर्षी त्याच ओटावाच्या टीमने मेमोरियल कप जिंकला, म्हणजे हरवलं ते काही लिंबूटिंबूंना हरवलं नव्हतं हे लक्षात घ्या.

नंतर एवढं मोठं बक्षीस गावाला परत मिळालं नाही. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की जिंकलेल्या त्या टीममध्ये एक खेळाडू होता पॅडी गिनेल, आणि दहा वर्षांनी तोच कोच होऊन परत आला. कप कपाटात राहिला, पण कसं जिंकायचं हे ठाऊक असलेला माणूस गावाला परत मिळाला.

गिनेल फार मारकुटा कोच होता म्हणतात, खरं का?

कडक होता. पोरं रोज सकाळी काम करून प्रॅक्टिसला यायची आणि प्रॅक्टिस दमवणारी असायची. बॉम्बर्स 1967 ला पश्चिम कॅनडाच्या नव्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये गेले, पहिल्याच वर्षी फायनलला एस्टेवनकडून हरले आणि मग 1969 आणि 1970, लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन. अल्बर्टातली मोठमोठी शहरं त्या लीगमध्ये होती आणि त्यांना या चिमुकल्या गावात यायचं म्हणजे आधी शेकडो किलोमीटर बसमध्ये हाडं मोडून घ्यायची आणि मग बर्फावर बॉम्बर्सकडून.

हो, मारामारी होती आणि ती मी झाकणार नाही. 1969 ला ऑन्टारिओच्या सेंट थॉमस बॅरन्सबरोबर राष्ट्रीय मालिका होती, चौथ्या सामन्यात इतकी हाणामारी झाली की सेंट थॉमसवाले मालिका सोडून निघून गेले. त्या काळचं हॉकी तसंच होतं असं लोक म्हणतात, पण मला ते पुरेसं कारण वाटत नाही, सतरा-अठरा वर्षांची पोरं होती ती. टीमवर जीव आहे म्हणून हे सांगायचं टाळणार नाही.

बॉम्बर्सच्या बॉबी क्लार्कला खरंच डायबेटिस होता? आणि तरी एवढं खेळला? (हा प्रश्न माझ्या ताईचा, तिच्या मुलाला टाइप वन आहे.)

ताई, खरंच होता, टाइप वनच, लहान वयात निघालेला. आणि ते काही बरा होऊन गेलेलं दुखणं नव्हतं, पूर्ण करिअरभर इन्सुलिन घेतच खेळला.

क्लार्क तिथलाच, फ्लिन फ्लॉनचा, जन्म 1949, वडील खाणीत. शरीराने किरकोळ, चष्म्याचा नंबर, दात पडलेले, आणि बर्फावर दोन माणसांचं काम एकटा करणारा. 1967-68 च्या सीझनमध्ये त्याने 168 पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले, पुढच्या वर्षी 137, म्हणजे खेळ कळणाऱ्या कुणालाही शंका नको. पण एनएचएलच्या टीमांना भीती, डायबेटिस असलेला मुलगा एवढा लांबलचक सीझन कसा काढेल? तेव्हा गिनेल काय करतो, पोराला घेऊन अमेरिकेत मिनेसोटातल्या मायो क्लिनिकला जातो, तिथल्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी घेतो की नीट काळजी घेतली तर हा मुलगा व्यावसायिक हॉकी खेळू शकतो. कोच म्हणून तो कडक होता म्हणालो ना, तोच माणूस हा.

तरीही 1969 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत कुणी घेतलं नाही. ज्यांची पाळी आली त्या सगळ्यांनी सोडलं, ज्यांनी शेवटी घेतलं त्या फिलाडेल्फिया फ्लायर्सनीसुद्धा आधी दुसराच मुलगा घेतला होता आणि तो मुलगा एनएचएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. फ्लायर्सचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, गेरी मेल्निक मागे लागला होता म्हणून दुसऱ्या फेरीत, 17 व्या नंबरवर क्लार्कचं नाव आलं.

पहिल्या ट्रेनिंग कॅम्पला त्याला झटके आले, कारण सकाळी नीट खाल्लं नव्हतं. मग टीमच्या ट्रेनरने खाण्याचं वेळापत्रकच बसवलं: मॅचच्या आधी साखर घातलेलं कोक, दोन पिरियडच्या मधे साखर घातलेला संत्र्याचा रस, आणि जवळ कायम काहीतरी गोड तयार. ही 1969 ची गोष्ट आहे हं, तेव्हा घरच्या घरी शुगर मोजायची आजच्यासारखी मशिनं नव्हती, दंडावर सेन्सर लावायचा तर प्रश्नच नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारूनच काय ते कर, पण तुझ्या लेकाला ही गोष्ट जरूर सांग.

पुढचं सगळं रेकॉर्डमध्ये आहे. फ्लायर्सचा कॅप्टन, 1974 आणि 1975 ला स्टॅन्ली कप म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, 15 सीझन एकाच टीमकडून, 1144 मॅचेस, 1210 पॉइंट्स, 1987 ला हॉल ऑफ फेम.

आणि रेगी लीच?

लीच हा क्लार्कचा बॉम्बर्समधला जोडीदार, मॅनिटोबातल्याच रिव्हरटनचा, ओजिब्वे समाजाचा मुलगा, आजीआजोबांकडे वाढलेला. लहानपणी स्वतःचे स्केट्स नव्हते, उसने घेऊन शिकला. पण शॉट असा की लोकांनी नाव पाडलं रिव्हरटन रायफल. 1967-68 ला एकट्याचे 87 गोल.

क्लार्क पास द्यायचा आणि लीच मारायचा, फ्लिन फ्लॉनला हेच चालायचं आणि नंतर 1974 ला लीच फ्लायर्समध्ये आल्यावर तिथंही हेच. पुढच्या वर्षीचा 1975 चा कप दोघांनी एकत्र उचलला. 1975-76 च्या सीझनमध्ये लीचने 61 गोल केले आणि वर प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, 19, फ्लायर्स फायनल हरले तरी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस लीचला दिलं. हरलेल्या टीममधल्या माणसाला ते मिळणं फार दुर्मिळ.

दारूने त्याचं बरंच नुकसान केलं, ते तो स्वतः उघडपणे सांगतो. सोडली, सावरला आणि नंतर मूळनिवासी समाजांमधल्या तरुण पोरांमध्ये जाऊन काम करत राहिला. माझ्या मते त्याच्या 87 गोलांइतकंच हेही मोठं आहे.

मूसचा पाय फेकतात म्हणे? काहीतरीच!

फेकतात, मी डोळ्यांनी बघितलंय. मूस म्हणजे इथलं प्रचंड मोठं हरीण, घोड्याहून उंच. शिकार करणारे लोक घरोघरी आहेत आणि मांस वर्षभर फ्रीजरमध्ये असतं, तेव्हा पाय मिळणं कठीण नाही. प्लेऑफच्या वेळी बॉम्बर्सच्या आनंदाच्या क्षणी प्रेक्षकांतून तो बर्फावर येतो.

मी गेलो होतो तेव्हा माझ्या दोन ओळी खाली एक आजोबा मांडीवर काळी कचऱ्याची पिशवी घेऊन बसले होते, मला वाटलं जेवणाचा डबा असेल. मॅच संपल्याचा भोंगा वाजला, सगळे उभे राहिले आणि आजोबांनी पिशवीतून गुडघ्याखालचा अख्खा पाय काढला, खूर आणि तपकिरी केसांसकट, कडक गोठलेला, आणि हात मागे नेऊन असा भिरकावला की तो काचेवरून गेला, बर्फावर आपटून टणकन वाजला आणि गोल फिरत फिरत निळ्या रेषेपर्यंत घसरत गेला. एका खेळाडूने स्टिकने तो हळूच बाजूला सरकवला. माझा मुलगा घरी येईपर्यंत दुसरं काही बोलतच नव्हता.

ज्या रिंकमध्ये हे होतं त्याचं नाव व्हिटनी फोरम, खाण कंपनीचा मोठा माणूस कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी याच्यावरून. दोनेक हजार माणसं मावतात. म्हणजे आजच्या हिशोबाने गावातल्या पाच माणसांमागे दोन माणसं एकाच वेळी आत बसू शकतात. सांगलीत किंवा सोलापुरात हे प्रमाण लावून बघा.

मग एवढी चांगली टीम 1978 ला गेली कुठे?

पैसा. मेजर ज्युनिअरचा खर्च वाढत गेला, प्रवास लांबचा, आणि छोट्या गावात तिकिटं विकून विकून किती विकणार. 1978 ला फ्रँचाइज, म्हणजे लीगमधली टीमची जागा, एडमंटनला गेली, तिथून वर्षभरात अमेरिकेत ग्रेट फॉल्सला, मग स्पोकेनला आणि 1981 च्या डिसेंबरमध्ये सीझन अर्धा असतानाच बंदच पडली. तीन वर्षांत तीन गावं आणि शेवट.

पण बॉम्बर्स हे नाव गावात राहिलं. लोकांनी खालच्या पातळीवर टीम चालू ठेवली आणि 1984 ला ती सस्कॅचेवानच्या ज्युनिअर ए लीगमध्ये आली, आजही तिथंच आहे. काही जण म्हणतात ही मूळ टीम नव्हेच, फ्रँचाइज तर गेली. मला हे पटत नाही. कागद एडमंटनला गेला, रिंक, रंग, पोरांना घरात ठेवून घेणारी माणसं इथंच राहिली. टीम कुणा एका शेठची नाही, गावाची आहे, स्वयंसेवक आणि निवडलेली कमिटी चालवते.

1993 ला या लीगचं विजेतेपद मिळालं. अलीकडे 2022 आणि 2023, लागोपाठ दोन्ही वर्षं फायनलला जाऊन हरले, आधी एस्टेवनकडून सात सामन्यांत आणि मग बॅटलफर्ड्सकडून. 2022 च्या हरण्याचं मला फार लागलं होतं, पुढच्या प्रश्नात कारण कळेल.

खाण बंद झाली ना? मग गावाचं काय?

झाली. 2010 ला स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवायचा कारखाना, बंद झाला, ज्याची 251 मीटर उंच चिमणी लांबून दिसायची. आणि 2022 च्या जूनमध्ये गावातली शेवटची 777 नावाची खाण थांबली, खनिज संपलं म्हणून. बॉम्बर्स फायनलला खेळत होते तोच हा वसंत. गावात सगळ्यांना माहीत होतं की अजून काही आठवड्यांनी भोंगा कायमचा थांबणार आणि तरी सातवा सामना कसा होईल याची चर्चा चालली होती. जिंकायला हवे होते हो.

एके काळी दहा हजारांच्या वर असलेली वस्ती आता पाच हजारांच्या आसपास. काही माणसं स्नो लेकच्या खाणीवर कामाला जातात, कंपनी तीच, तिचं नाव आता हडबे. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्यावर गिरणगावचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथंही कबड्डीची मंडळं राहिली होती.

बसने इतके लांब प्रवास, भीती नाही वाटत? 2018 चा तो अपघात याच लीगमधला ना?

याच लीगमधला. 6 एप्रिल 2018, हम्बोल्ट ब्रॉन्कोस ही टीम प्लेऑफच्या मॅचसाठी निपाविनला निघाली होती, चौरस्त्यावर ट्रक थांबला नाही आणि बस त्याच्यावर आदळली. बसमध्ये 29 जण, 16 गेले, 13 जखमी. त्यानंतर कॅनडात लोकांनी दाराबाहेर हॉकी स्टिक्स उभ्या करून ठेवायला सुरुवात केली, आमच्या गल्लीतही होत्या, आम्हीही मुलाची ठेवली. गेलेल्या मुलांपैकी एकाने काही आठवडे आधीच अवयवदानासाठी नाव नोंदवलं होतं, त्याच्यामुळे सहा जणांना अवयव मिळाले आणि ते ऐकून देशभरात लाखाच्या वर लोकांनी नोंदणी केली.

फ्लिन फ्लॉन या लीगमधल्या अगदी उत्तरेकडच्या गावांपैकी एक असल्यामुळे बॉम्बर्सचा जवळपास प्रत्येक बाहेरचा सामना म्हणजे लांबची बस. भीती वाटते का? वाटते. मुलगा उद्या ज्युनिअर खेळायला लागला तर मीही रात्री फोन हातात धरून बसेन. तरी पाठवीन.

मॅच बघायला यायचं तर कधी आणि कसं?

सीझन सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होतो, मार्च-एप्रिलला प्लेऑफ. मूसचा पाय बघायचा असेल तर प्लेऑफलाच या. विनिपेगहून सकाळी लवकर निघा, आठ-नऊ तास धरा, मधे पेट्रोल पंप फार लांब लांब आहेत म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. फोरममध्ये आत बसूनही पाय गारठतात, लोकरीचे दोन जोड मोजे घाला आणि बसायला घोंगडी आणा. येताना थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठं घेतली तर मधे थांबायची गरज पडत नाही. आणि शेवटचे दोन तास अंधार पडायच्या आत काढा, संध्याकाळी मूस रस्त्यावर येतात आणि हेडलाइटमध्ये त्यांचे फक्त पाय दिसतात, अंग वर अंधारात राहतं.